समुद्रतारेची पकड

अटलांटिक महासागराच्या तळावरून गेलेल्या पहिल्या तारायंत्राचा इतिहास बहुधा विद्युत्‌शास्त्राचा इतिहास म्हणूनच लिहिला जातो. विल्यम टॉमसनचे आरसेदार गॅल्व्हानोमापक, वाइल्डमन व्हाइटहाउसने वापरलेला अतिरिक्त दाब, संदेशवहनाची गती आणि तारेची धारकता या विषयांवर विपुल लेखन झाले आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु १८५७ ते १८६६ या नऊ वर्षांतील घटनांची क्रमवार नोंद घेतली असता एक गोष्ट ठळकपणे दिसते. १८५८ ची तार विद्युद्दोषाने मेली हे खरे; पण १८५७ ची तार आणि १८६५ ची तार या दोन्ही तुटल्या, त्या हातातून सुटल्या. शेकडो मैल लांबीची, आतून नाजूक आणि बाहेरून जड अशी वस्तू हलत्या जहाजावरून धरावी कशी, सोडावी कशी आणि गरज पडल्यास पुन्हा वर ओढावी कशी, हा प्रश्न त्या काळच्या अभियंत्यांना विजेच्या प्रश्नाइतकाच, किंबहुना काही प्रसंगी त्याहून अधिक, भोवला. प्रस्तुत लेखात या पकडीच्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रश्नाचे स्वरूप प्रथम स्पष्ट करणे इष्ट होईल. दोरखंड धरणे आणि विद्युत्‌वाहक तार धरणे यांत मूलभूत भेद आहे. दोरखंडाचा प्रत्येक धागा भार वाहतो. त्याला कितीही आवळले तरी त्याचे फारसे बिघडत नाही. समुद्रतारेचे तसे नाही. तिच्या गाभ्यात तांब्याच्या तारा, त्यांभोवती गटापर्चाचे आवरण, त्यावर डांबरात भिजविलेला ताग आणि सर्वांत बाहेर लोखंडी तारांचे चिलखत असते. भार वाहावयाचा तो चिलखताने. निरोप न्यावयाचा तो गाभ्याने. पकड बसते चिलखतावर. पण ती बोचरी असेल तर इजा पोहोचते गाभ्याला. गटापर्चा उष्णतेने मऊ पडतो आणि मऊ पडलेल्या गटापर्चातून तांबे एका अंगाला सरकते. एका ठिकाणी घट्ट आवळलेली साखळी तार सुटू देणार नाही, पण तारेचा प्राण घेईल; सैल बांधलेला दोर तारेला जपेल, पण डांबराने निसरड्या झालेल्या तिच्या अंगावरून घसरेल. या दोहोंमधील निवड हाच या सर्व इतिहासाचा गाभा होय.

आरंभीच्या प्रयत्नांत या भेदाची जाणीव दिसत नाही. २८ ऑगस्ट १८५० रोजी ‘गोलायथ’ या टग-बोटीवरून डोव्हर आणि फ्रान्सच्या किनाऱ्यावरील काप ग्री-ने यांच्या दरम्यान जी तार टाकण्यात आली तिला चिलखतच नव्हते. गटापर्चाने मढविलेली ती एक तांब्याची तार होती. ती इतकी हलकी होती की ती बुडावी म्हणून ठरावीक अंतरावर शिशाची वजने तिला आवळून बसवावी लागली. दुसऱ्याच दिवशी ती निकामी झाली. एका कोळ्याच्या जाळ्यात ती सापडली आणि त्याने तिचा तुकडा कापून नेला, ही कथा सर्वश्रुत आहे. पुढील वर्षी, सप्टेंबर १८५१ मध्ये, त्याच मार्गावर लोखंडी तारांनी मढविलेली समुद्रतार टाकण्यात आली व ती टिकली.

हे चिलखत आले कोठून, हे पाहणे उद्बोधक आहे. ते विद्युत्‌शास्त्रज्ञांकडून आले नाही. ते खाणींतून आले. जर्मनीतील हार्ट्‌झ पर्वतात क्लाउस्टाल येथील खाण-अधिकारी विल्हेल्म आल्बर्ट याने १८३४ मध्ये लोखंडी तारांचा पिळलेला दोर खाणीच्या विहिरीत वापरला. इंग्लंडात रॉबर्ट न्यूऑल याने १८४० मध्ये तारदोराचे पेटंट घेतले, आणि पुढे त्याच्याच कारखान्यात समुद्रतारा तयार होऊ लागल्या. खाणीच्या दोरात मध्यभागी तागाचे सूत असे; त्या सुताच्या जागी गटापर्चाने मढविलेले तांबे ठेवले की समुद्रतार तयार होत असे. या जन्मामुळे समुद्रतारेला तारदोराचा गुण मिळाला आणि त्याचबरोबर त्याचा दोषही मिळाला. दोष हा की पीळ दिलेला दोर ताणला असता उलगडू पाहतो. खाणीत खाली लोंबणारी बादली गरगर फिरली तर विशेष बिघडत नसे. समुद्रतारेच्या बाबतीत मात्र ताणाखाली उलगडलेला पीळ ताण सैल होताच फासाच्या रूपाने परत येतो, आणि तो फास पुन्हा ताणला गेला की गाभा मोडतो.

१८५७ च्या अटलांटिक तारेच्या निर्मितीत या पिळाने एक विलक्षण गोंधळ घडविला. तारेचा अर्धा भाग ग्रिनिच येथे ग्लास-इलियट कंपनीने आणि उरलेला अर्धा बर्कनहेड येथे न्यूऑलच्या कंपनीने तयार केला. दोन्ही भाग उत्तम होते; परंतु एकाचा पीळ उजवा होता, तर दुसऱ्याचा डावा! घाईत दोन कारखान्यांना काम वाटून देताना पिळाची दिशा ठरविण्याचे कोणाच्याही ध्यानात आले नव्हते. एकाच दिशेच्या पिळाचे दोन भाग जोडले तर सांध्यापाशी एकाचे उलगडणे दुसऱ्याच्या वळण्याने रोखले जाते. विरुद्ध पिळाचे भाग जोडले तर दोन्ही मिळून एकाच दिशेने उलगडतात आणि सांधा सुटतो. म्हणून समुद्राच्या मध्यावरील सांध्यासाठी एक लाकडी चौकट तयार करावी लागली. या चौकटीने दोन्ही टोके अशी धरली की पीळ फिरू शकला नाही. ही चौकट म्हणजे समुद्रतारेसाठी खास योजलेल्या पकडीचा एक आरंभीचा नमुना होय. आणि ती शास्त्रीय दूरदृष्टीतून नव्हे, तर एका हलगर्जीपणाच्या निस्तरणीतून जन्मली.

त्या तारेचे काही आकडे येथे देणे अवश्य आहे, कारण पुढील विवेचन त्यांवर आधारलेले आहे. एका सागरी मैलाच्या तारेचे पाण्यातील वजन सुमारे १३.४ हंड्रेडवेट होते आणि ती सुमारे ३ टन ५ हंड्रेडवेट भाराखाली तुटत असे. म्हणजे स्वतःच्या ४.८५ मैल लांबीचा भार ती पाण्यात कशीबशी तोलू शकली असती. महासागराची खोली त्या मार्गावर सुमारे दोन मैल, म्हणजे २,००० वावांहून अधिक, आहे. नुसती शांतपणे सोडली असतानाही तार आपल्या एकंदर बळापैकी दोन-पंचमांश बळ स्वतःलाच तोलण्यात खर्च करीत होती. उरलेले बळ लाटांसाठी आणि माणसाच्या चुकीसाठी होते.

तार सोडण्याची यंत्रणा चार्ल्स ब्राइट आणि त्याचे सहकारी यांनी उभारली होती. तार काही चाकांभोवती फिरून पिछाडीवरून समुद्रात जाई आणि ती अनावर धावू नये म्हणून चाकांवर हाताने आवळावयाचा ब्रेक असे. ५ ऑगस्ट १८५७ रोजी आयर्लंडच्या व्हॅलेन्शिया किनाऱ्यावरून कामास आरंभ झाला आणि ‘नायगारा’ हे अमेरिकी युद्धनौकांपैकी एक मोठे जहाज तार सोडीत पश्चिमेकडे निघाले. ११ ऑगस्टच्या पहाटे, सुमारे ३३५ सागरी मैल तार सोडून झाली असता, खोल पाण्यात ती तुटली. समुद्रात लाटा वाढल्या होत्या. जहाजापेक्षा तार अधिक वेगाने जात असल्याने ब्रेकचा जोर टप्प्याटप्प्याने वाढविला होता. जहाजाची पिछाडी लाटेच्या खळग्यात उतरली तेव्हा तारेवरील ओढ कमी झाली आणि चाके मंदावली. पिछाडी पुन्हा वर उचलली गेली त्या क्षणी ब्रेक सैल करावयास हवा होता. तो केला गेला नाही. ब्राइट काही क्षणांपूर्वीच यंत्रापासून दूर गेला होता आणि ब्रेक एका यंत्रकाराच्या हाती होता.

नंतर दोष त्या यंत्रकाराच्या माथी मारण्यात आला, आणि अनेक इतिहासग्रंथांतून तो तसाच चालत आला आहे. या निर्णयाचा पुनर्विचार होणे आवश्यक आहे. लाटेची प्रत्येक चढ-उतार काही सेकंदांची असते. अहोरात्र, पाळीपाळीने, अंधारात आणि थंडीत, प्रत्येक लाटेला ब्रेक सैल करावयाचा व पुन्हा आवळावयाचा, आणि हजारो लाटांत एकदाही चुकावयाचे नाही, अशी अपेक्षा ज्या यंत्रात गृहीत धरलेली होती त्या यंत्राचा दोष माणसावर ढकलणे सोपे होते, इतकेच. स्वतः कंपनीनेही कृतीने हेच मान्य केले. कारण पुढील वर्षी तिने अधिक दक्ष यंत्रकार शोधला नाही, ब्रेकच बदलला.

हा नवा ब्रेक ‘नायगारा’चा मुख्य अभियंता विल्यम एव्हरेट याने बसविला, पण त्यातील मूळ कल्पना जे. जी. अ‍ॅपोल्ड याची होती. तिची जन्मकथा चमत्कारिक आहे. इंग्लंडातील तुरुंगांत कैद्यांना सक्तमजुरी म्हणून एक दांडा फिरवीत बसावे लागे. त्या दांड्याने दळण होत नसे की पाणी उपसले जात नसे. केवळ श्रम व्हावेत एवढाच हेतू. शिक्षा सर्वांना समान व्हावी यासाठी दांड्याचा विरोध नेहमी ठरावीक राहणे जरूर होते, आणि त्यासाठी अ‍ॅपोल्डने असा ब्रेक योजला की ओढ ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की तो आपोआप सैल पडावा. निष्फळ श्रमाचे माप काटेकोर ठेवण्यासाठी शोधलेले हे साधन दोन खंडांमधील तार वाचविण्याच्या कामी आले. ब्रेकवर ठरावीक वजने टांगली की तारेवरील ताण त्या वजनांनी ठरविलेल्या मर्यादेवर जाऊच शकत नसे. शेजारी ताणमापक असे आणि वजने केव्हा उचलावयाची ते त्यावरून कळे. पकड प्रथमच स्वतःचे सोडणे शिकली.

१८५८ च्या जूनमधील प्रयत्नांत तार पुन्हा पुन्हा तुटली, पण त्या आधीच्या भयंकर वादळाने ‘अ‍ॅगमेम्नॉन’वरील वेटोळी विस्कळित झाली होती हेही ध्यानात ठेवले पाहिजे. २९ जुलै रोजी समुद्राच्या मध्यावर सांधा झाला आणि ५ ऑगस्ट १८५८ रोजी दोन्ही जहाजे आपापल्या किनाऱ्यास लागली. तार काही आठवडेच जगली. तेवढ्या अवधीत तिने एक काम असे केले की ज्याचा हिंदुस्थानाशी थेट संबंध आहे. १८५७ च्या उठावामुळे कॅनडातून काही ब्रिटिश पलटणी परत बोलाविण्याचा हुकूम निघाला होता. उठाव मावळत असल्याने तो रद्द झाल्याचा निरोप ३१ ऑगस्टला या तारेने गेला आणि सैन्यवाहतुकीचा मोठा खर्च वाचला. साम्राज्याच्या कोषपालांना समुद्रतारेचे मोल त्यामुळे चांगलेच उमगले.

तथापि पुढील धडा अटलांटिकात नव्हे, तांबड्या समुद्रात मिळाला. १८५९-६० मध्ये सुएझ, एडन आणि कराची यांना जोडणारी तार टाकण्यात आली. ती टाकताना ढील जवळजवळ ठेवलीच नाही. तार महाग, आणि सरळ रेषेत ताणून टाकली तर कमी लागते, असा हिशेब त्यामागे होता. परिणामी समुद्रतळावरील उंचवट्यांच्या माथ्यांवर ती टेकली आणि मधल्या दऱ्यांवर लोंबकळत राहिली. लोंबत्या भागावर शंखशिंपले व समुद्रवनस्पती यांची पुटे चढली, वजन वाढले, टेकण्याच्या जागी चिलखत झिजले, आणि तार जागोजाग तुटली. येथे तार धरणारे कोणी माणूस वा यंत्र नव्हते. तळाचे खडकच तिचे आधार बनले होते, आणि ते कोणी निवडलेले नव्हते. ब्रिटिश सरकारने या योजनेला हमी दिलेली असल्याने बुडालेली रक्कम, सुमारे आठ लाख पौंड, सरकारी तिजोरीतून भरावी लागली. या आणि अटलांटिकच्या अपयशामुळे एक संयुक्त समिती नेमण्यात आली व तिचा विस्तृत अहवाल १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला. १८६४ साली इराणच्या आखातात जी तार यशस्वीपणे टाकण्यात आली तिची सामग्री शिडाच्या जहाजांतून आधी मुंबईस आली व तेथून ती जहाजे आखाताकडे ओढून नेण्यात आली. समितीने शिकविलेली सावधगिरी त्या कामात स्पष्ट दिसते.

ढील किती ठेवावी या प्रश्नाचे गणित टॉमसनने १८५७ मध्येच मांडले होते. जहाज समान वेगाने जात असता सोडली जाणारी तार साखळीसारखी झोळ देऊन लोंबत नाही. ती जहाजापासून तळापर्यंत तिरप्या सरळ रेषेत उतरते. तळाशी ढील असेल तर जहाजावरचा ताण खोलीवर अवलंबून असतो, पाण्यात असलेल्या तारेच्या लांबीवर नाही. हा निष्कर्ष अभियंत्यांना दिलासा देणारा होता. परंतु तो तार सोडतानाचा होय. तार पुन्हा उचलताना गणित पार पालटते, याची पुरती जाणीव १८६५ पर्यंत झालेली दिसत नाही.

१८६५ ची तार नव्या विचाराने घडविलेली होती. दहा पोलादी तारा, प्रत्येकीभोवती मनिला तागाचे वेष्टन, आणि आत पूर्वीपेक्षा कितीतरी जाड तांबे व गटापर्चा. एका सागरी मैलाचे पाण्यातील वजन १४ हंड्रेडवेट, म्हणजे जुन्या तारेहून किंचितच अधिक. पण तुटण्याचा भार ७ टन १५ हंड्रेडवेट. स्वतःच्या ११ मैलांचा भार ती तोलू शकत होती. संपूर्ण तार पोटात घेऊ शकेल असे एकच जहाज त्या वेळी पृथ्वीवर होते, ते ‘ग्रेट ईस्टर्न’. सोडण्याच्या यंत्रणेत सॅम्युएल कॅनिंग व हेन्री क्लिफर्ड यांनी एक सुंदर सुधारणा केली. तार एकाच ढोलावर एकदम न आवळता ती ओळीने मांडलेल्या खाचदार चाकांवरून जाई, आणि प्रत्येक चाकावर एक लहान दाबचाक तिला हलकेच दाबून धरी. एका जागी शंभर शेर दाबण्याऐवजी अनेक जागी थोडे थोडे दाबावे, हे तत्त्व त्यात स्पष्ट आहे. त्यानंतर तार ढोलाभोवती फेरे घेऊन पुढे जाई.

फेऱ्यांचे महत्त्व कोळ्यांना गणिताशिवाय ठाऊक असते. खुंट्याभोवती दोराचे तीन वेढे दिले की एका हाताने होडी थोपविता येते. ऑयलरने अठराव्या शतकात याचे सूत्र दिले. घर्षणांक ०.२ धरला तर एका फेऱ्याने ओढ सुमारे साडेतीन पट, दोन फेऱ्यांनी बारा पट आणि तीन फेऱ्यांनी त्रेचाळीस पट तोलता येते. फेऱ्यांची पकड सौम्य असते, कारण दाब पूर्ण परिघावर वाटला जातो. पण तिची एक अट आहे: तारेचे टोक हाती असले पाहिजे, किंवा ती आधीपासून ढोलावर असली पाहिजे. मध्येच कोठे तरी, दोन्ही बाजूंनी ताणलेल्या तारेला धरावयाचे झाल्यास ढोलाचा उपयोग नाही. तेथे खलाशांचा ‘स्टॉपर’ लागतो, म्हणजे एका टोकास जहाजाला पक्का केलेला आणि दुसऱ्या टोकाने तारेभोवती सर्पिल गुंडाळलेला दोर अथवा साखळी. ओढ वाढली की सर्पिल लांबते, आकुंचन पावते आणि आपोआप घट्ट होते.

‘ग्रेट ईस्टर्न’वर एक उणीव मात्र राहून गेली होती आणि ती घातक ठरली. तार सोडण्याची यंत्रणा पिछाडीस होती, ओढून घेण्याची पुढच्या टोकास. तारेत दोष आढळला की तिला स्टॉपरने धरावयाचे, कापावयाचे, टोकाला तारदोर बांधून ते टोक जवळजवळ ७०० फूट लांबीच्या जहाजाला वळसा घालून पुढे न्यावयाचे, आणि मग ओढावयाचे, असा द्राविडी प्राणायाम करावा लागे. २३ जुलै १८६५ रोजी निघाल्यापासून दोनदा तो निभावला. तिसऱ्यांदा, २ ऑगस्टला, सुमारे १,२०० मैल तार टाकून झाली असता आणि न्यूफाउंडलंड ६०० मैलांवर असता, ओढून घेतली जाणारी तार जहाजाच्या पुढच्या भागातील नांगराच्या नळाच्या कडेवर घासली. घासलेली जागा सांभाळून आत घेण्यासाठी साखळी व दोर लावण्यात आले. ती जागा आत आली आणि तेथेच तार तुटून समुद्रात नाहीशी झाली. ११ मैलांचा भार तोलणारी तार अवघ्या दोन-अडीच मैल खोलीवर तुटली, कारण तिचे बळ मोजले गेले होते ते अखंड चिलखताचे. कडेवर घासलेल्या चिलखताचे बळ कोणत्याच कोष्टकात नव्हते.

त्यानंतरचे नऊ दिवस हा या इतिहासातील सर्वांत बोलका भाग आहे. कॅनिंगने पाच आकड्यांचे लोखंडी नांगर तारदोराला बांधून समुद्रतळावर ओढण्यास सुरुवात केली. दोन मैल खोल अंधारात अंगठ्याएवढ्या जाडीची तार चाचपडत शोधावयाची, ही कल्पनाच अनेकांना हास्यास्पद वाटली होती. तरी तार सापडली. एकदा नव्हे, अनेकदा. प्रत्येक वेळी ती काही शे वाव वर आली आणि प्रत्येक वेळी सुटली. पण सुटली ती नांगरातून नव्हे. नांगराचा दोर शंभर-शंभर वावांच्या तुकड्यांचा होता आणि हे तुकडे कड्यांनी व भोवरकड्यांनी जोडलेले होते. ताण वाढताच दगा दिला तो या जोडांनीच. प्रत्येक अपयशाबरोबर कित्येकशे वाव दोर नांगरासह बुडाला, आणि शेवटी जहाजावरील इतर दोर जोडून पाहिले तेव्हा त्यांनीही हाय खाल्ली. तार पकडण्याचे साधन उत्तम होते. पकडीच्या साखळीतील दुय्यम समजलेला दुवा दुबळा निघाला. भोवरकडी ही पिळाच्या दोषावरचा उपाय म्हणून घातलेली असते. येथे उपायच रोगाची जागा बनला.

१८६६ ची मोहीम या दृष्टीने पाहिली पाहिजे. त्या वर्षी दोन कामे होती: नवी तार टाकणे आणि जुनी शोधून पूर्ण करणे. नवी तार १३ जुलैला निघून २७ जुलैला न्यूफाउंडलंडमधील हार्ट्‌स कंटेंट येथे पोहोचली. पिछाडीची यंत्रणा आता उलटी फिरवून तार परत ओढता येईल अशी केली होती, त्यामुळे जहाजाला वळसा घालण्याचा प्रसंग उरला नाही. दुसऱ्या कामासाठी वीस मैल दोर घेतला होता. त्याची रचना अशी: एकोणपन्नास पोलादी तारा, प्रत्येकीला मनिला तागाचे स्वतंत्र वेष्टन, सात-सात तारांची एक वेणी, अशा सात वेण्यांचा एक दोर. तो सुमारे ३० टन भार सोसत असे. आदल्या वर्षी ज्याला ‘नांगराचा दोर’ म्हणून दुय्यम लेखले होते, त्यालाच या वर्षी तारेच्या बळाच्या जवळजवळ चौपट बळ देण्यात आले. कॅनिंगची ही निवड हा त्या मोहिमेतील सर्वांत महत्त्वाचा निर्णय होता, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु बळकट दोराने नवा धोका उभा केला. आता दोर तुटणार नव्हता. तार तुटणार होती. तळावर पसरलेल्या तारेला मध्येच आकड्याने उचलले की तिचे दोन पाय दोन्ही दिशांना साखळीवक्राने उतरतात. किती ताण येईल ते ढिलीवर अवलंबून असते. तळ सपाट धरून दोन मैल खोलीसाठी हिशेब केला तर ढील १२ टक्के असताना माथ्यावर प्रत्येक पायाचा ताण सुमारे साडेसात मैल तारेच्या वजनाइतका येतो. म्हणजे ११ च्या मर्यादेच्या आत, पण फारसा आत नव्हे. ढील ५ टक्केच असेल तर तोच ताण पंधरा मैलांच्या वर जातो आणि तार पृष्ठभागास येण्यापूर्वीच तुटलीच पाहिजे. तांबड्या समुद्रातील तारेसारखी ढिलीवाचून टाकलेली तार कितीही उत्तम दोराने उचलता आली नसती. १८६५ मध्ये तार सोडताना ठेवलेली ढील हीच १८६६ मधील उचलण्याची खरी पूर्वतयारी होती.

१७ ऑगस्ट १८६६ रोजी तार प्रथमच पृष्ठभागावर दिसली. तिच्या अंगाला तळाचा पांढुरका चिखल लागलेला होता. जहाजावरील लोकांनी जयघोष केला आणि काही मिनिटांतच ती नांगरातून निसटून गेली. यानंतर युक्ती बदलण्यात आली. एका जागी उचलून सर्व ताण तेथेच आणण्याऐवजी तार अनेक जागी पकडावयाची, अर्ध्या उंचीपर्यंत आणून बोयांवर टांगून ठेवावयाची. आणि ‘मेडवे’ या दुसऱ्या जहाजाने पश्चिमेस काही मैलांवर ती उचलून मुद्दाम तोडावयाची. तोडल्याने पश्चिमेकडचा पाय मोकळा झाला, ढील ‘ग्रेट ईस्टर्न’कडे सरकू शकली, आणि साडेसात मैलांचा ताण खोलीच्या वजनाकडे उतरू लागला. तार वाचविण्यासाठी ती एका जागी तोडावी लागली, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटते. साखळीवक्राचे गणित ज्याने मांडले त्याला ते अपरिहार्य दिसते.

२ सप्टेंबरच्या रात्री, मध्यरात्र उलटून गेल्यावर, तार जहाजाच्या टोकाशी आली. माणसे दोरांना लोंबकळत खाली उतरली आणि आकड्याच्या दोन्ही बाजूंनी त्यांनी तारेला स्टॉपर बांधले. गेल्या वर्षीच्या अनुभवामुळे तार आणि जहाज यांच्यामध्ये कोठेही कड येणार नाही याची खबरदारी घेतलेली होती. यंत्राने हे काम होण्यासारखे नव्हते. अंधारात, हलत्या पाण्यावर, बोटांनी पीळ चाचपून वेढे घालावे लागतात. तार आत आली, कापली, परीक्षागृहात नेली, आणि काही वेळाने व्हॅलेन्शियाहून उत्तर आले. ८ सप्टेंबरला दुसरी तारही हार्ट्‌स कंटेंटला पोहोचली. टॉमसन, कॅनिंग, कारखानदार ग्लास आणि कप्तान अँडरसन या चौघांना नाइट हा किताब मिळाला. वेढे घालणाऱ्या खलाशांची नावे लोकप्रिय इतिहासांत सहसा आढळत नाहीत, तशीच १८५७ मधील त्या यंत्रकाराची बाजूही आढळत नाही.

याच जहाजाने १८७० च्या फेब्रुवारीत मुंबईहून एडनपर्यंत तार टाकली. कप्तान रॉबर्ट हॅल्पिन होता. उष्ण कटिबंधातील उन्हाने टाक्यांतील गटापर्चा मऊ पडू नये म्हणून जहाजाला पांढरा रंग दिला होता. पकडीपूर्वी, पकड सोसणारा पदार्थ कठीण राहिला पाहिजे, हे तोवर सर्वांना पटले होते. त्याच वर्षीच्या जूनमध्ये मुंबई आणि लंडन समुद्रमार्गाने जोडली गेली.

गटापर्चाविषयी एक गोष्ट ओघातच सांगितली पाहिजे. तो मलायातील झाडांचा चीक होय, आणि तो मिळविण्यासाठी बहुधा झाडच तोडले जाई. सागरी मैलामागे चारशे पौंड गटापर्चा खाणाऱ्या तारेचा हिशेब तेथील अरण्यांना चुकवावा लागला.

स्टॉपरच्या सर्पिलाची पुढची अवस्था जमिनीवरील विद्युत्‌केबलींत आढळते. आशियात बांबूच्या पट्ट्यांची विणलेली एक नळी खेळणे म्हणून प्रचलित आहे. तीत दोन्ही बाजूंनी बोटे घालून ओढली तर ती अडकतात. तिरप्या विणीची नळी ओढली की लांबते आणि लांबली की तिचा व्यास कमी होतो, एवढेच तिचे रहस्य. एका दोराऐवजी विरुद्ध पिळांचे अनेक दोर एकमेकांत विणले, तर स्टॉपरचा गुण राहतो आणि पिळाचा दोष नाहीसा होतो, कारण उजवा पीळ डाव्याला तोलतो. १८५७ मध्ये ज्या विरुद्ध पिळांनी सांधा धोक्यात आणला, तेच येथे एकमेकांत गुंफल्याने गुणकारी ठरतात. पोलादी तारांची अशी जाळीदार पकड अमेरिकेत व्यापारी प्रमाणावर रूढ करण्यात व्हिव्हियन केलम्स (१८९६–१९७५) हिचा वाटा मोठा आहे. तिचा भाऊ एडगर याने सुधारलेली पकड विकण्यासाठी तिने १९२७ मध्ये कंपनी काढली. ही बाई पुढे पकडीपेक्षा वेगळ्याच कारणाने गाजली: १९४८ मध्ये तिने आपल्या कामगारांच्या वेतनातून सरकारसाठी प्राप्तिकर कापून घेण्यास जाहीर नकार दिला व त्यावरून तिचा सरकारशी दीर्घ झगडा झाला.

जाळीदार पकड निवडताना आज जे प्रश्न विचारले जातात ते सर्व या इतिहासात एकेकदा विचारले गेलेले आहेत. पकड केबल ओढण्यासाठी हवी की कायमची टांगून ठेवण्यासाठी? ओढण्याची पकड थोडा वेळ मोठा आणि बदलता भार सोसते. टांगण्याची पकड स्थिर भार वर्षानुवर्षे सोसते, म्हणून तिच्यासाठी अधिक मोठा सुरक्षागुणक धरतात आणि एकीचे काम दुसरीकडून घेत नाहीत. केबलचे टोक हाती आहे काय? असल्यास बंद नळी चालते. नसल्यास बाजूने उघडणारी व तारेने शिवून बंद करावयाची पकड घ्यावी लागते, जसा दोन्ही बाजूंनी ताणलेल्या तारेला ढोल नव्हे तर स्टॉपरच लागला. पकडीची लांबी केवढी? आवरण जितके मऊ व निसरडे तितकी ती लांब हवी, म्हणजे दाब वाटला जाईल. ओढदोर आणि पकड यांच्यामध्ये भोवरकडी आहे काय, आणि तिचे बळ दोराच्या बळापेक्षा कमी तर नाही? केबल जेथे वळते तेथील कड गुळगुळीत आहे काय? यांतील शेवटचे दोन प्रश्न कारागीर सर्वांत अधिक विसरतात, आणि ऑगस्ट १८६५ मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’वर विसरले गेले ते नेमके हेच दोन होते.